‘आम्ही’ आणि ‘आपण’ : कॅटलन स्वातंत्र्याच्या वादातील एका सर्वनामाचा विचार

१

एखाद्या जनसमूहाला राजकीय स्वातंत्र्य मिळावे की नाही, हा प्रश्न साहित्यविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात का उपस्थित करावा, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा प्रश्न राज्यशास्त्राचा, आंतरराष्ट्रीय कायद्याचा, फार तर इतिहासाचा, असे आपण गृहीत धरतो. परंतु कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याचा वाद थोडा बारकाईने पाहू गेल्यास असे आढळते की, त्याच्या मुळाशी एक भाषिक कृती आहे. कोणीतरी ‘आम्ही’ असे म्हणतो आणि त्या उच्चाराने एक समूह अस्तित्वात आल्याचे मानले जाते. हा ‘आम्ही’ कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो आणि ज्यांच्या वतीने बोलतो त्यांना त्याने विचारले आहे काय, हे प्रश्न उक्ती आणि उक्तीचा कर्ता यांविषयीचे आहेत. साहित्यसमीक्षेला ते परके नाहीत.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅटलोनियात घेण्यात आलेल्या सार्वमताचे उदाहरण घेऊ. स्पेनच्या संविधान न्यायालयाने ते स्थगित केले होते. तरीही मतदान झाले. पोलिसांनी काही मतदान केंद्रांत घुसून मतपेट्या जप्त केल्या, मतदारांवर लाठ्या चालविल्या. प्रांतिक शासनाने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार सुमारे ४३ टक्के मतदारांनी मत दिले आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूची होती. विरोधकांपैकी बहुसंख्य घरीच राहिले. यावर दोन ठाम भूमिका घेतल्या गेल्या. १९७८ च्या संविधानानुसार सार्वभौमत्व समग्र स्पॅनिश जनतेच्या ठायी आहे. म्हणून तिच्या एका भागाला एकट्याने निर्णय घेता येत नाही, ही पहिली भूमिका. लोकांनी मत दिले आहे आणि लोकशाहीत लोकांच्या मताहून श्रेष्ठ असे काही नाही, ही दुसरी. या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींचे गृहीतक एकच आहे. ‘जनता’ कोणती हे आधीच ठरलेले आहे, असे दोन्ही पक्ष मानतात. वाद मात्र नेमका तेवढ्याचसाठी आहे. इंग्रज विधिज्ञ आयव्हर जेनिंग्ज यांनी १९५६ साली ही अडचण दाखवून दिली होती : लोकांनी निर्णय घ्यावा हे तत्त्व वाजवी दिसते, पण ‘लोक’ म्हणजे कोण हे आधी कोणीतरी ठरविल्यावाचून लोकांना काहीच ठरविता येत नाही.

२

मराठीभाषकाला या अडचणीकडे पाहण्याची एक सोय त्याच्या भाषेनेच करून दिली आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ हे ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ या दोन वाक्यांत समोरच्याचे स्थान पूर्णपणे बदललेले असते. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. म्हणजे ज्याला सामावून घ्यावयाचे त्याला मान देण्याची सूचनाही त्याच शब्दात आहे. युरोपीय भाषांत हा भेद सामान्यतः नाही. कॅटलनमधील ‘नोझाल्त्रेस’ आणि कॅस्टिलियनमधील ‘नोसोत्रोस’ हे दोन्ही शब्द ‘आम्ही’ आणि ‘इतर’ या अर्थांच्या दोन घटकांपासून बनले आहेत. ‘तुमच्याहून वेगळे असे आम्ही’ हा भाव त्या जोडात आरंभी होता. पुढे तो झिजला आणि ऐकणाऱ्याला वगळणे व सामावणे ही दोन्ही कामे एकच शब्द करू लागला.

राजकारणात या संदिग्धतेचा फायदा दोन्ही बाजू घेतात. माद्रिदचे शासन कॅटलोनियाला उद्देशून ‘नोसोत्रोस’ म्हणते तेव्हा त्याला ‘आपण’ अभिप्रेत असते. बार्सिलोनातील स्वातंत्र्यवादी नेता माद्रिदकडे तोंड करून ‘नोझाल्त्रेस’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘आम्ही’ असा होतो. तोच नेता कॅटलोनियातील रहिवाशांकडे वळून तो शब्द उच्चारतो तेव्हा त्यालाही ‘आपण’ म्हणावयाचे असते. म्हणजे माद्रिद कॅटलोनियाशी जे करते तेच तो आपल्या प्रांतातील असहमत रहिवाशांशी करीत असतो : न विचारता सामावून घेणे. प्रस्तुत लेखाचा विषय ही नैतिक समांतरता आहे.

३

कॅटलन ‘आम्ही’ घडला कसा, याचा इतिहास बऱ्याच अंशी वाङ्मयाचा इतिहास आहे. ११ सप्टेंबर १७१४ रोजी दीर्घ वेढ्यानंतर बार्सिलोना पडले. स्पेनच्या वारसाहक्काच्या त्या युद्धात कॅटलनांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या आर्चड्यूक चार्ल्सची बाजू घेतली होती. विजय बूर्बाँ घराण्याच्या पाचव्या फिलिपचा झाला. १७१६ च्या फर्मानाने कॅटलोनियाच्या जुन्या संस्था आणि कायदे यांपैकी बरेच काही रद्द झाले. युद्ध राजघराण्यांचे होते. त्याचे राष्ट्रीय पराभवात रूपांतर केले ते एकोणिसाव्या शतकाने. १८३३ साली माद्रिदमध्ये नोकरी करणाऱ्या अरिबाऊने मातृभूमीवर एक ओड लिहिले आणि परंपरेने तेथून कॅटलन प्रबोधनाचा, ‘रेनाशेन्सा’चा, आरंभ मानला. १८५९ मध्ये ‘जोक्स फ्लोराल्स’ या काव्यस्पर्धांचे पुनरुज्जीवन झाले. १८९८ साली, स्पेनने आपल्या उरलेल्या मोठ्या वसाहती गमावल्या त्या वर्षी, जोआन मरागाय याने स्पेनला उद्देशून एक कविता लिहिली; तीत तो स्पेनशी बोलतो, पण कॅस्टिलियनमध्ये नव्हे. ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या, किंवा त्याने ऐकावयाचे नाकारलेल्या भाषेत त्याला हाक मारणे, ही त्या कवितेची मूळ रचनाच पुढील शतकाचा वाद सूचित करते. १९०७ मध्ये कॅटलन अध्ययनसंस्था स्थापन झाली, १९१३ मध्ये पोम्पेउ फाब्राच्या पुढाकाराने लेखननियम निश्चित झाले. व्याकरण आणि काव्य यांनी आधी जे उभे केले त्याला प्रशासनाने नंतर आकार दिला.

येथे एका सोप्या निष्कर्षाचा मोह टाळावयास हवा. बेनेडिक्ट अँडरसनच्या १९८३ च्या ग्रंथानंतर राष्ट्र हा कल्पिलेला समूह असतो, हे विधान आपल्याकडेही परिचित झाले आहे. त्यावरून ‘कॅटलन राष्ट्र हे कवींनी व व्याकरणकारांनी रचलेले आहे, म्हणून ते खोटे’ असा युक्तिवाद केला जातो. पण हाच न्याय स्पेनला लावला तर स्पेनही तितकेच रचलेले ठरते. फरक इतकाच की, ज्या रचनेच्या पाठीशी राज्यसंस्था असते ती रचना निसर्गसिद्ध भासते आणि जिच्या पाठीशी ती नसते तिचे सांधे उघडे दिसतात. विरचनेचे शस्त्र दुर्बळाच्या संहितेवर चालविणे नेहमीच सोपे असते. सबळाची संहिता स्वतःला संहिता म्हणून ओळखूच देत नाही. तेव्हा ‘रचलेले’ आहे हे दाखवून कोणाचाही नैतिक दावा रद्द होत नाही, तसा तो सिद्धही होत नाही.

४

मग ‘आम्ही’ या उच्चाराला अधिकार येतो कोठून? अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याविषयी बोलताना झाक देरिदा यांनी एक पेच दाखविला होता. जाहीरनाम्यावर जनतेच्या नावाने सही होते; पण ती जनता स्वतंत्र जनता म्हणून त्या सहीपूर्वी अस्तित्वात नसते. सही करणाऱ्याला सहीचा अधिकार सहीनेच मिळतो. अधिकाराची ही उसनवारी पुढे केव्हातरी फेडली जाईल या विश्वासावर ती सही उभी असते.

कॅटलोनियात १० ऑक्टोबर २०१७ रोजी हा पेच जवळजवळ प्रयोगासारखा पाहावयास मिळाला. प्रांताध्यक्ष कार्लेस पुच्देमोन यांनी संसदेसमोर सार्वमताचा कौल स्वीकारल्याचे सांगितले आणि काही क्षणांतच त्याचे परिणाम स्थगित ठेवण्याची विनंती केली. जे. एल. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर, वाक्कृती घडली की फसली हे ऐकणाऱ्यांना समजेना. २७ ऑक्टोबरला संसदेने ठराव संमत केला. त्याच दिवशी स्पेनच्या सिनेटने संविधानाच्या १५५ व्या अनुच्छेदाखाली प्रांताचा कारभार हाती घेण्यास मान्यता दिली. कोणत्याही महत्त्वाच्या राज्याने नव्या प्रजासत्ताकास मान्यता दिली नाही. सहीची उसनवारी फेडली गेली नाही.

परंतु येथेच विचार थांबविला तर ‘यशस्वी झाला तो जाहीरनामा, फसला तो राजद्रोह’ एवढाच निष्कर्ष हाती उरतो. अमेरिकेचा ‘आम्ही’ न्याय्य ठरला तो जॉर्ज वॉशिंग्टनचे सैन्य जिंकले म्हणून, असे म्हणावे लागेल. ही यशाची नीती झाली, नीतीचा विचार नव्हे. तेव्हा ‘आम्ही’च्या उगमात अधिकार शोधण्यापेक्षा त्या ‘आम्ही’च्या आत असलेल्या, पण त्यात येऊ न इच्छिणाऱ्यांशी तो कसा वागतो, हे पाहणे अधिक फलदायी होईल.

५

विभक्त होण्याच्या हक्काविषयी राजकीय तत्त्वज्ञानात स्थूलमानाने दोन मते आहेत. अ‍ॅलन ब्यूकॅनन यांच्या १९९१ च्या ग्रंथातून पुढे आलेल्या पहिल्या मतानुसार हा हक्क उपायात्मक असतो : गंभीर अन्याय झाला आणि अन्य मार्ग उरला नाही, तरच तो प्राप्त होतो. दुसऱ्या, हॅरी बेरन यांच्यासारख्यांच्या मतानुसार राज्याची अधिसत्ता संमतीवर उभी असल्याने एखाद्या प्रदेशातील बहुसंख्यांनी संमती काढून घेतली की पुरे. अन्याय सिद्ध करण्याची गरज नाही.

पहिली कसोटी लावू. फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५, अन्याय गंभीर होता यात शंका नाही. प्रांताध्यक्ष ल्युईस कोम्पान्यस यांना १९४० मध्ये मोंजुईकच्या किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या. स्वायत्त शासन बरखास्त झाले. शाळा व सार्वजनिक व्यवहार यांतून कॅटलन भाषा हद्दपार झाली. परंतु १९७८ च्या संविधानाला कॅटलोनियातील मतदारांनी सुमारे ९० टक्के होकार दिला आणि १९७९ पासून तेथे स्वायत्त शासन आहे. कॅटलन ही शाळांची प्रमुख माध्यमभाषा झाली. या काळाला अत्याचाराचा काळ म्हणणे म्हणजे फ्रँकोच्या बळींचा अवमान करणे होईल.

स्वातंत्र्यवाद्यांचे उत्तर असे की, १९७८ चा करार २०१० मध्ये मोडला गेला. स्वायत्ततेचा नवा कायदा बार्सिलोनाच्या संसदेने केला, माद्रिदच्या संसदेने त्यात काटछाट करून तो संमत केला आणि २००६ मध्ये कॅटलन मतदारांनी सार्वमताने तो स्वीकारला. त्यानंतर चार वर्षांनी संविधान न्यायालयाने त्यातील १४ अनुच्छेद पूर्णतः वा अंशतः रद्द केले आणि प्रस्तावनेतील ‘राष्ट्र’ या शब्दाला कायदेशीर परिणाम नाही असे सांगितले. मेर्से रोदोरेदा यांच्या, वनवासात लिहिलेल्या ‘ला प्लासा देल दियामान’ (१९६२) या कादंबरीतील नायिकेचे नाव नातालिया. पण तिचा प्रियकर तिला भेटताक्षणीच दुसरे नाव देतो आणि तिचे आयुष्य त्या दिलेल्या नावाखाली जाते. २०१० मधील दुखणे काहीसे या जातीचे आहे. संविधानाने कॅटलोनियाला ‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द दिला. ‘राष्ट्र’ हा तिने स्वतः निवडलेला शब्द निष्प्रभ केला. हा अन्याय आहे काय? आहे, असे मला वाटते. ज्यावर लोकांनी मत दिले ते नंतर बदलले गेले. परंतु तो विभक्त होण्याचा हक्क देण्याइतका गंभीर आहे, असे म्हणता येत नाही. तो करार पुन्हा मांडण्याचा हक्क मात्र नक्कीच देतो.

दुसरी कसोटी, संमतीची. २०१५ च्या प्रांतिक निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांना सुमारे ४८ टक्के मते आणि १३५ पैकी ७२ जागा मिळाल्या. या जागांच्या बळावर ६ व ८ सप्टेंबर २०१७ रोजी सार्वमताचा आणि संक्रमणाचा असे दोन कायदे संमत करण्यात आले. मतदानापूर्वी विरोधी सदस्यांपैकी बहुतेक सभागृह सोडून गेले. येथे एक तपशील बोलका आहे. कॅटलोनियाच्या स्वतःच्या स्वायत्तता कायद्यात दुरुस्ती करावयाची तर संसदेतील दोन तृतीयांश, म्हणजे ९० सदस्यांची संमती लागते. लहान बदलाला जेवढी संमती हवी होती तेवढीही राज्यच नवे घडविताना मागितली गेली नाही. संमतीचा सिद्धांत ज्यांनी पुढे केला त्यांनीच संमतीची किंमत कमी केली.

६

या असहमत रहिवाशांचा चेहरा साहित्यात आधीच उमटलेला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत आंदालुसिया, मुर्सिया आदी भागांतून लक्षावधी लोक कामासाठी बार्सिलोनाभोवती येऊन राहिले. त्यांच्याविषयी फ्रान्सिस्को कान्देल याने ‘दुसरे कॅटलन’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. तो १९६४ मध्ये कॅटलनमध्ये प्रसिद्ध झाला; कान्देल मात्र कॅस्टिलियनमधून लिहिणारा. दोनच वर्षे आधी जोआन फुस्तेर याचा ‘आम्ही, व्हॅलेन्सियन’ हा ग्रंथ निघाला होता. सर्वनामातील दोन घटक जणू दोन ग्रंथांनी वाटून घेतले : एकाने ‘आम्ही’, दुसऱ्याने ‘इतर’. हुआन मार्से याच्या ‘उल्तिमास तार्देस कॉन तेरेसा’ (१९६६) या कादंबरीत सधन कॅटलन घरातील विद्यार्थिनी तेरेसा एका दक्षिणी भुरट्या चोराला क्रांतिकारक कामगार समजून त्याच्या प्रेमात पडते. ती त्याला पाहत नाही; तिच्या मनातल्या ‘जनते’ला पाहते. इतरांना ‘आपण’ म्हणून मिठी मारताना त्यांच्याकडे न पाहण्याचा हा धोका प्रत्येक उदार राष्ट्रवादापुढे उभा असतो.

स्वातंत्र्यवादी विचारवंतांना हे ठाऊक आहे. म्हणूनच जो येथे राहतो आणि काम करतो तो कॅटलन, ही व्याख्या तेथे मान्य झाली. ती उदार आहे. पण तिच्यामुळे एक तर्कशास्त्रीय कोंडी निर्माण होते. राष्ट्राचा पाया भाषा असेल, तर रहिवाशांचा फार मोठा भाग बाहेर राहतो. २०२३ च्या शासकीय पाहणीनुसार कॅटलन ही नेहमीच्या वापराची भाषा असलेले लोक एक तृतीयांशाहूनही किंचित कमी आहेत. शिवाय व्हॅलेन्सिया, बालेआरिक बेटे, १६५९ मध्ये फ्रान्सकडे गेलेला रूसियों हे सारे भाषेच्या नात्याने आत येतात, ज्यांना कोणी विचारलेले नाही. उलट पाया रहिवास असेल, तर एकत्र राहणे आणि एका कायद्याखाली नांदणे हा तर स्पेनचाही पाया आहे. मग वेगळे होण्याचे कारण कोणते? २००७ मध्ये फ्रँकफर्टच्या ग्रंथजत्रेत कॅटलन संस्कृती सन्माननीय अतिथी होती, तेव्हा ही कोंडी सर्वांसमोर आली. प्रतिनिधित्व प्रामुख्याने कॅटलनमधून लिहिणाऱ्यांकडे गेले आणि कॅस्टिलियनमधून लिहिणारे बार्सिलोनाचे अनेक नामवंत कादंबरीकार तेथे दिसले नाहीत. मार्सेचे बार्सिलोना कॅटलन संस्कृतीत नाही, तर कोठे आहे?

या वादाची उपरोधिक परिणती ‘ताबार्निया’त झाली. स्वतंत्र कॅटलोनियातून बार्सिलोना व तारागोनाच्या किनाऱ्याने फुटून निघावे, अशी ही विडंबनात्मक मागणी २०१७ च्या अखेरीस गाजली. विडंबन बाजूला ठेवले, तरी पिरेनीजमधील अरानच्या खोऱ्याचा प्रश्न गंभीर आहे. तेथील ऑक्सितान बोलीला कॅटलोनियातच अधिकृत स्थान आहे. ‘आम्ही’च्या पोटात नेहमीच आणखी एक ‘आम्ही’ असतो. यावरून कोणालाच विभक्त होण्याचा हक्क नाही, असे सिद्ध होत नाही. पण जो विचारले जाण्याचा हक्क मागतो त्याने इतरांना विचारण्याचे कर्तव्य पत्करले पाहिजे, एवढे निश्चित सिद्ध होते.

मराठी वाचकाला याची प्रचीती दुरून घेण्याची गरज नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेतला गेला. प्रश्न विभक्त राष्ट्राचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे एवढाच होता. महाराष्ट्रातील पुष्कळ सुबुद्ध माणसांनी गोव्याला मनोमन ‘आपण’ म्हटले होते; गोव्याच्या मतदारांनी ‘आम्ही’ असे उत्तर दिले. ते उत्तर तेव्हा अनेकांना लागले. पण ते विचारले गेले आणि मानले गेले, म्हणूनच पुढील काळात दोन्ही बाजूंना एकमेकांशी बोलणे शक्य झाले.

७

१९३२ मध्ये स्पेनच्या संसदेत कॅटलन स्वायत्ततेवर चर्चा झाली, तेव्हा होसे ओर्तेगा इ गासेत यांनी असे प्रतिपादन केले की, हा प्रश्न सुटणारा नाही. तो उभयतांनी सोसावयाचा आहे. मान्युएल असान्या यांनी त्यास उत्तर दिले की, हा राजकीय प्रश्न असून राजकारणाने तो सोडविता येतो. या दोन भाषणांतील अंतर आजही मिटलेले नाही. माझा कल असान्यांकडे आहे, पण एका दुरुस्तीसह : सुटणे म्हणजे कायमचे संपणे नव्हे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली क्वेबेकविषयी दिलेले मत या संदर्भात मला सर्वांत विवेकी वाटते. प्रांताला एकतर्फी फुटून निघण्याचा हक्क नाही. परंतु स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर उरलेल्या देशाला ते दुर्लक्षिता येत नाही, वाटाघाटी करण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. २०१४ मध्ये स्कॉटलंडला लंडनच्या संमतीने विचारले गेले आणि उत्तर नकारार्थी आले. स्पेनने कॅटलोनियाला असे विचारलेले नाही. न विचारता दिलेले ‘आपण’ हे त्या शब्दातील आदर काढून घेतलेले ‘आपण’ असते, आणि लाठीने ते अधिक खरे होत नाही. तेव्हा माझे मत असे की, कॅटलनांना विचारले जाण्याचा नैतिक हक्क आहे. स्वातंत्र्य घोषित करण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. आणि ज्या दिवशी विचारले जाईल त्या दिवशी कान्देलच्या ‘दुसऱ्या कॅटलनां’चे मत मोजण्यापुरते नव्हे, तर ऐकण्यासाठी घेतले गेले पाहिजे.

मध्यंतरी बरेच काही घडले. २०१९ मध्ये नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा झाल्या, २०२१ मध्ये त्यांना माफी मिळाली, २०२४ मध्ये सर्वक्षमेचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांनी प्रांतिक संसदेतील बहुमत गमावले. यावरून प्रश्न मिटला, असे माद्रिदमधील अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. बहुमत नसताना प्रश्न विचारणे सबळाला सोपे असते. कारण उत्तराची भीती कमी असते. नेमक्या याच वेळी तो विचारला गेला तर त्याला उदारता म्हणता येईल. बहुमत पुन्हा जमल्यावर विचारला तर ती केवळ शरणागती ठरेल. ‘नोसोत्रोस’ हा शब्द एके काळी इतरांना वगळण्यासाठी घडला आणि बोलणाऱ्यांच्या शतकानुशतकांच्या वापराने सर्वांना सामावणारा झाला. तो बदल कोणत्याही फर्मानाने घडविला नव्हता.